वसंतातील कोवळा मुळा : काढणीचा दिवस व घरातील उपयोग

थंडी ओसरून फाल्गुनाचे ऊन जाणवू लागले की आठवडी बाजारात मुळ्याच्या जुड्यांत दोन प्रकारचा माल दिसू लागतो. एक मुळा अंगठ्याएवढ्या जाडीचा, पांढराशुभ्र आणि मोडला असता कट्‌कन तुटणारा असतो. दुसरा मनगटाएवढा जाड, वरून चांगला दिसणारा, परंतु कापल्यावर आत भेंडासारखा निघणारा असतो. हा दुसरा मुळा वजनाला अधिक भरतो, म्हणून काही शेतकरी पीक तयार झाल्यावरही ते आठ-दहा दिवस जमिनीत राखून ठेवतात. गृहिणी असा मुळा एकदा घरी नेते. पुढच्या बाजारी मात्र ती त्या विक्रेत्यापाशी थांबत नाही. वजनात मिळालेला चार पैशांचा लाभ अशा रीतीने गिऱ्हाईक गमावून फेडावा लागतो.

दुसरे नुकसान गिऱ्हाइकाच्या हातून होते. मुळा घेताना पाला तेथेच मोडून टाकण्याची सवय शहरांत तर आहेच, पण आता ती खेड्यांतही शिरली आहे. बाजार उठल्यावर हा हिरवागार पाला गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जातो. अन्नमूल्याच्या दृष्टीने पाहिले तर टाकलेला भाग घरी नेलेल्या भागापेक्षा सरस असतो. ही दोन्ही नुकसाने टाळण्यास वेगळा खर्च येत नाही. काढणीचा दिवस साधावा आणि मुळा, पाला व शेंगा या तिन्हींचा उपयोग करावा, एवढेच पुरेसे आहे.

कोवळ्या व जून मुळ्यांतील भेद आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखला गेला आहे. चरकसंहितेत अन्नपानाचा विचार करताना कोवळा मुळा दोष दूर करणारा आणि जून झालेला मुळा तिन्ही दोष वाढविणारा असा स्पष्ट फरक केला आहे. वनस्पती तीच, जमीन तीच; फरक केवळ वयाचा. आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या भाषेत कारणे निराळी सांगितली जातात, परंतु मुळा कोवळाच खावा हा व्यवहारातील निष्कर्ष तोच राहतो.

तिखटपणा व पोकळपणा यांची कारणे

मुळा हा मोहरी, कोबी व फुलकोबी यांच्या कुळातील आहे. मोहरीचा दाणा अखंड असताना त्यास झणका नसतो. पाणी घालून तो फेसला म्हणजे झणका नाकात चढतो. मुळ्यातही तीच क्रिया घडते. त्याच्या पेशींत एक गंधकयुक्त द्रव्य आणि एक विकर ही दोन परस्परांपासून अलग असतात. मुळा चिरला, किसला किंवा चावला म्हणजे पेशी फुटून ही दोन्ही एकत्र येतात आणि तिखट तेल तयार होते. साल व सालीलगतचा भाग यांत तिखटपणा अधिक असतो. हवामान जसजसे उष्ण होते आणि पाण्याचा ताण पडतो, तसतसा तो वाढतो. थंड हवेतील मुळा गोडसर आणि चैत्रातील मुळा झणझणीत लागतो, त्याचे कारण हेच होय.

पोकळपणाचे कारण वेगळे आहे. मुळा जमिनीत वाजवीपेक्षा अधिक काळ राहिला म्हणजे आतील पेशींमधील रस कमी होऊन तेथे हवा शिरते आणि गर भेंडासारखा होतो. मध्यातून फुलोऱ्याचा दांडा वर येऊ लागला की मुळ्यात साठविलेले अन्न फुले व बी यांच्या पोषणाकडे वळते. मग मुळ्यात तंतू तेवढे उरतात. अशा मुळ्यास कितीही पाणी वा खत दिले तरी तो पुन्हा कोवळा होत नाही.

पेरणीची आखणी

वसंतात कोवळा मुळा मिळावा म्हणून पेरणी एकदम न करता थोडी थोडी करावी. संपूर्ण क्षेत्र एकाच दिवशी पेरल्यास सर्व पीक एकाच आठवड्यात तयार होते. त्यातील निम्मे विकले जाते व निम्मे जून होते. विक्रीसाठी पीक घेणाऱ्याने एक गुंठ्याचे चार समान भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरावा. हेक्टरी सुमारे १० किलो बी लागते; या हिशेबाने गुंठ्यास १०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक भागास २५ ग्रॅम बी पुरते. केवळ घरासाठी मुळा हवा असल्यास परसात ३ मीटर लांबीचा एक वरंबा दर दहा दिवसांनी पेरावा. रोपांत ८ सेंटिमीटर अंतर राखल्यास अशा वरंब्यावर ३५ ते ४० मुळे येतात. पाच-सहा माणसांच्या कुटुंबास ते दहा दिवस पुरतात.

जमीन भुसभुशीत असावी. भारी काळ्या जमिनीत व ढेकळांत मुळा वाकडा होतो किंवा त्यास फाटे फुटतात. ताजे शेणखत घातल्यासही फाटे फुटतात, म्हणून चांगले कुजलेले खतच वापरावे. सपाट वाफ्यापेक्षा वरंब्यावर पेरणी केल्यास मुळा सरळ वाढतो व उपटण्यास सोपा जातो. दोन वरंब्यांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि बी दीड ते दोन सेंटिमीटर खोल पेरावे. ओल चांगली असल्यास चार-पाच दिवसांत ते उगवते. रोपांना दोन-तीन पाने फुटताच विरळणी करावी. विरळणी टाळली तर पाला माजतो आणि मुळा पोसत नाही. उपटलेली कोवळी रोपे टाकू नयेत. ती मुळासकट धुऊन चिरली असता या पिकाची पहिली भाजी घरात येते.

जातीची निवड हवामानाकडे पाहून करावी. थंडी शिल्लक असेपर्यंत युरोपीय प्रकारचे लहान, गोल व तांबडे मुळे घेता येतात. ते २५ ते ३० दिवसांत तयार होतात. जपानी व्हाइट ही लांब, पांढरी जातही थंडीतच चांगली येते. उष्णता वाढल्यावर मात्र पुसा चेतकी या जातीसारखी ऊन सोसणारी जात घ्यावी. ती ४० ते ४५ दिवसांत तयार होते. ही जात भारतीय कृषी संशोधन संस्थेची आहे. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे स्थापन झालेली ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये दिल्लीस हलविण्यात आली. जातींच्या नावांतील 'पुसा' हा शब्द त्या मूळ गावाची खूण आहे.

पाणी बेताचे परंतु नियमित द्यावे. फाल्गुन-चैत्रात जमिनीच्या मगदुराप्रमाणे चार ते सहा दिवसांनी पाळी द्यावी. वाफा कोरडा पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिल्यास मुळे तडकतात. पाला खाण्यासाठी वापरावयाचा असल्याने पाणी स्वच्छ असावे. गटाराचे सांडपाणी या पिकास कदापि देऊ नये.

किडींविषयी सावधगिरी

थंडीच्या अखेरीस आभाळ आले की मुळ्यावर मावा पडतो. मोहरीवरील माशीच्या काळपट अळ्याही पानांना भोके पाडतात. या वेळी विषारी औषध फवारण्याचा मोह होतो. परंतु हे पीक अवघे चाळीस दिवसांचे असते आणि त्याचा पाला, मुळा, शेंगा असा प्रत्येक भाग लोकांच्या पोटात जातो. फवारणीनंतर पुरेसे दिवस लोटण्यापूर्वीच पीक बाजारात जाते व विषाचा अंश ताटापर्यंत पोहोचतो. म्हणून अळ्या सकाळी हाताने वेचून नष्ट कराव्यात आणि माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५०० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजत ठेवावी, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी आणि पाणी घालून एकूण १० लिटर द्रावण करावे. त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारावे. काढणीच्या तोंडावर मात्र कसलीही फवारणी करू नये.

काढणीचा दिवस

पुस्तकातील दिवसांची गणना मार्गदर्शक असते. निर्णय मात्र वाफ्यात उभे राहूनच करावा लागतो. मुळ्याचा माथा मातीच्या वर डोकावू लागला की दोन-तीन मुळे उपटून पाहावेत. लांब मुळ्याची जाडी अडीच ते तीन सेंटिमीटर झाली असल्यास तो काढणीस आला असे समजावे. लहान गोल जाती दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाच्या असतानाच काढाव्यात. नख लावताच सालीतून रस यावा, मोडताना कट्‌कन आवाज व्हावा आणि तुटलेला भाग ओलसर, एकजीव दिसावा, या कोवळेपणाच्या खुणा होत. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, किंवा मोडताना तंतू लोंबू लागले, तर वेळ टळून गेली असे जाणावे.

काढणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे, म्हणजे मुळे न तुटता निघतात. काढणी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर करावी. गोल तांबड्या मुळ्याचा काढणीचा योग्य काळ तीन-चार दिवसांचाच असतो. लांब जाती थोडी अधिक सवड देतात. उन्हाळा जवळ येतो तसतशी ही सवड घटते. म्हणून थंडीत सवयीने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने फाल्गुनात ती सवय मोडली पाहिजे.

मुळा उपटल्यावरही पाने श्वास घेतात, त्यांतून पाणी उडून जाते आणि ते पाणी पाने मुळ्यातून ओढून घेतात. पाल्यासकट ठेवलेली जुडी दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होते, ती यामुळेच. बाजारात पाल्यामुळे मालाचा ताजेपणा दिसून येतो, म्हणून तेथे जुडी पाल्यासह न्यावी व ओल्या गोणपाटाखाली झाकावी. घरी आणल्यावर मात्र देठाचा बोटाच्या पेराएवढा भाग राखून पाला लगेच कापून घ्यावा. पाला त्याच दिवशी शिजवावा. मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवल्यास दोन-तीन दिवस आणि फ्रिजमध्ये झाकून ठेवल्यास आठवडाभर चांगले राहतात. मऊ पडलेले कोवळे मुळे थंड पाण्यात अर्धा तास ठेवले तर पुन्हा टणक होतात. भेंडाळलेले मुळे मात्र सुधारत नाहीत.

पाल्याचे महत्त्व

ताज्या मुळ्याच्या वजनात सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते. शंभर ग्रॅम मुळ्यात सुमारे १५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व मिळते व चुना अल्प असतो. तेवढ्याच पाल्यात 'क' जीवनसत्त्व त्याच्या कित्येक पट असते, हाडांना लागणारा चुना २०० मिलिग्रॅमहून अधिक असतो आणि मुळ्यात जवळजवळ नसलेले, डोळ्यांच्या आरोग्यास आवश्यक असे कॅरोटिनही भरपूर असते. ज्या घरात दूध मोजकेच येते, तेथील वाढत्या मुलांसाठी व लेकुरवाळ्या स्त्रियांसाठी हा पाला मोलाचा आहे. तो विकत घेतलेल्या मुळ्याबरोबर फुकटच मिळतो.

पाला चिरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांतून धुवावा. चिरल्यावर धुतल्यास पोषक द्रव्ये पाण्याबरोबर जातात. उकडून पाणी टाकून देण्याची पद्धतही सोडावी. कोवळ्या पाल्यास कडवटपणा बेताचाच असतो आणि लसणाच्या फोडणीत तो जाणवत नाही.

स्वयंपाकातील उपयोग

मुळा कसा चिरावा हे तो कशासाठी हवा यावर ठरते. किसल्याने पेशी अधिक फुटतात, म्हणून किसलेला मुळा सर्वांत तिखट लागतो. चकत्या त्या मानाने सौम्य लागतात. शिजविल्याने विकराचे कार्य थांबते व मुळा गोडसर होतो. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून जेवणात थोडा मुळा कच्चा असावा आणि पाला शिजवून घ्यावा, ही विभागणी योग्य होय. कोवळा मुळा सोलण्याची गरज नसते. स्वच्छ घासून धुतला म्हणजे पुरे. पुढील प्रमाणे चार माणसांसाठी आहेत.

कोशिंबीर : पाव वाटी मुगाची डाळ दोन तास भिजवून निथळावी. तीन कोवळे मुळे किसावेत. त्यात डाळ, दोन चमचे ओले खोबरे, बारीक चिरलेली कोथिंबीर व अर्ध्या लिंबाचा रस घालावा. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, हळद व हिरव्या मिरचीचे तुकडे घालून केलेली फोडणी वरून द्यावी. मीठ पाने वाढण्याच्या वेळीच घालावे. आधी घातल्यास मुळ्यास पाणी सुटून कोशिंबीर पातळ होते. मुले तिखट मुळा खात नसतील तर डाळीऐवजी घट्ट दही, चिमूटभर साखर व दाण्याचे कूट घालावे.

पाल्याची पीठ पेरून भाजी : दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद व ठेचलेल्या लसणाच्या सहा-सात पाकळ्या घालाव्यात. त्यावर बारीक चिरलेला पाला तीन वाट्या व एका मुळ्याच्या बारीक फोडी टाकून झाकण ठेवावे. पाच-सहा मिनिटांत पाला बसला की मीठ व तिखट घालावे. मग अर्धी वाटी हरभऱ्याचे पीठ हाताने सर्वत्र पेरावे. मंद आचेवर झाकून वाफ आणावी व उलथन्याने परतून पुन्हा वाफ आणावी. पाणी घालू नये. पाल्याच्या अंगच्या पाण्यातच पीठ शिजते. ही भाजी ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते व शेतावर नेण्यास सोयीची पडते.

डाळ घालून भाजी : पाव वाटी हरभऱ्याची डाळ तीन तास भिजवावी. वरीलप्रमाणे फोडणी करून तीत डाळ घालावी व पाण्याचा हबका मारून अर्धवट शिजू द्यावी. नंतर मुळ्याच्या फोडी व चिरलेला पाला घालून पुरते शिजवावे. शेवटी गुळाचा लहान खडा व ओले खोबरे घालावे. डाळीमुळे भाजीस प्रथिनांची जोड मिळते.

थालीपीठ : वाटीभर मुळ्याचा कीस, मूठभर चिरलेला पाला, तिखट, मीठ व ओवा दोन वाट्या भाजणीत कालवावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. किसास सुटलेल्या पाण्यातच पीठ पुष्कळसे भिजते. लागेल तेवढेच पाणी वरून घालावे. किसाचे पाणी पिळून टाकू नये, त्यात चवही असते व जीवनसत्त्वही. थोडा जाडसर निघालेला परंतु न भेंडाळलेला मुळा अशा रीतीने कामी लागतो.

किनाऱ्यावरील प्रदेशात मुळ्याची जोड मासळीशी घालतात. गोव्यात कोळंबीच्या आमटीत मुळ्याच्या चकत्या घालण्याची पद्धत आहे. नारळाच्या वाटणात शिजून त्या मऊ व गोडसर होतात.

उरलेल्या झाडांच्या डिंगऱ्या

एवढी काळजी घेऊनही काही झाडांना दांडा येतोच. ती झाडे उपटून टाकू नयेत. देशी जातींना आपल्याकडील मैदानी हवेतही फुले व शेंगा येतात. युरोपीय जातींना मात्र त्यासाठी कडक थंडी लागते, म्हणून त्यांचे बी डोंगराळ थंड प्रदेशात घेतले जाते. मुळ्याच्या कोवळ्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात. वाफ्याच्या कडेची दहा-पंधरा झाडे राखल्यास दर दोन-तीन दिवसांनी मूठ-दोन मुठी डिंगऱ्या मिळतात. उत्तर भारतात व गुजरातेत केवळ शेंगांसाठी लावला जाणारा मोगरी नावाचा मुळ्याचा प्रकारही आहे.

डिंगरी वाकविताच तुटली तर ती भाजीयोग्य समजावी. न तुटता वाकली तर तीत दोर धरला असे जाणावे. डिंगऱ्यांचे पेराएवढे तुकडे करून कांद्याच्या फोडणीत आठ-दहा मिनिटे झाकून शिजवावेत व वरून खोबरे घालावे. या झाडांचे बी मात्र पुढील पेरणीस धरू नये. मुळ्याचे परागीभवन मधमाश्यांकडून होते व आसपासच्या दुसऱ्या जातींशी सहज संकर होतो, त्यामुळे अशा बियांपासून एकसारखे पीक येत नाही. पेरणीसाठी खात्रीचे बी आणावे.

अशा प्रकारे एका वरंब्यातून विरळणीची रोपे, कोवळे मुळे, पाला आणि अखेरीस डिंगऱ्या अशा चार भाज्या मिळतात. शेतकरी बंधूंनी येत्या आठवड्यात सर्व बी एकदम न टाकता चार हप्त्यांत पेरावे आणि पहिला हप्ता तयार होताच, वजनाची वाट न पाहता, बाजारात न्यावा. गृहिणींनी जुडी घेताना एक मुळा मोडून पाहावा आणि पाला पिशवीतून घरी आणावा.